सावरण्याची तारीख

मशीनने तारीख दिली तेव्हा दीपंकर गजभियेला खरोखर हायसं वाटलं.

"नऊ सत्रं," समोरच्या पडद्याकडे बघत समुपदेशक नंदिनी वैरागडे म्हणाल्या. "आठवड्याला एक धरलं, तर शेवटचं चौदा मार्चला."

"म्हणजे चौदा मार्चला मी बरा?"

"रेषा तसं म्हणते."

पडद्यावर एक निळी रेषा होती. डावीकडे उंच सुरू होऊन ती हळूहळू उतरत गेली होती आणि उजव्या टोकाला एका हिरव्या पट्ट्यात शिरली होती. शिरली तिथे बारीक अक्षरांत तारीख लिहिली होती.

"पण एक लक्षात ठेवा, भाऊ," नंदिनीताई म्हणाल्या. "ही रेषा तुमची नाही. तुमच्यासारख्या दुसऱ्या लोकांची आहे. तुमची अजून निघायची आहे."

दीपंकरने मान डोलावली. त्याच्या कानात फक्त चौदा मार्च शिरलं होतं.

एकवीस वर्षं तो नागपुरात लिफ्टची दुरुस्ती करत होता. शहर वर्धा रोडने दक्षिणेला सरकत गेलं, इमारती वीस मजल्यांवरून चाळीस-पन्नासवर गेल्या आणि दीपंकरचं काम वाढतच गेलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बेचाळीस मजली इमारतीतलं काम आटोपून तो खाली यायला निघाला. सोबत अडतिसाव्या मजल्यावरचे देवतळे गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, हातात कापडी पिशवी, भाजी आणायला निघालेले. ती वेगाची लिफ्ट होती. तिसावा मजला सुटला की थेट तळमजला, मधल्या मजल्यांना तिला दारंच नव्हती. एकविसाव्या मजल्याच्या आसपास रूळ सरकला, ब्रेक आवळले आणि डबा जागच्या जागी चिणला गेला. चारी बाजूंना नुसतं काँक्रीट. भिंत फोडून त्यांच्यापर्यंत पोचायला पाच तास वीस मिनिटं लागली. गुरुजींना दमा होता. चौथ्या तासाला त्यांचा श्वास थांबला. उरलेला वेळ दीपंकर त्यांच्या शेजारी बसून होता.

त्यानंतर तो लिफ्टमध्ये पाऊल टाकू शकला नाही. त्याचं स्वतःचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. दिवसातून दोनदा तो दोनशे ऐंशी पायऱ्या चढायचा. कंपनीने त्याला गोदामात बसवलं आणि सांगितलं, समुपदेशन घ्या, फिट व्हा, कामावर या.

नंदिनीताईंनी पहिल्याच दिवशी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. भीतीची आठवण पेटीत बंद करून ठेवल्यासारखी नसते. ती आठवली की उघडते, काही तास मऊ असते आणि मग पुन्हा घट्ट होते. त्या मऊ वेळात ती सुरक्षित जागी, विश्वासाच्या माणसासमोर उलगडली, तर परत बसताना तिची धार थोडी बोथट होते. असं पुन्हा पुन्हा करायचं. हे जगाला पूर्वीपासून ठाऊक होतं. नवीन होती ती कानामागे चिकटवायची बोटभर लांबीची पट्टी. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, श्वासाची लय, कातडीवरचा ओलावा एवढंच ती मोजायची. पण साडेआठ लाख माणसांच्या मोजमापांशी ताडून ती सांगायची की हा माणूस किती सत्रांत सावरेल. लोक तिला सावरपट्टी म्हणायचे. तीन वर्षांत ती सगळीकडे पोचली होती. विमा कंपन्यांना ती आवडली, मालकांना आवडली आणि सगळ्यात जास्त घरच्या लोकांना आवडली. घरात एक माणूस मोडून पडलेला असला, की इतरांना कधीपर्यंत हेच हवं असतं.

दीपंकरची बायको संघमित्रा एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. तिने त्याच दिवशी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर चौदा मार्चला लाल गोल केला.

"दोनच महिने," ती म्हणाली. "निघून जातील जी. मग एप्रिलमध्ये पचमढीला जाऊ. मी रजा टाकूनच ठेवते."

पहिल्या दोन सत्रांत रेषा सांगितल्याप्रमाणे उतरली. संघमित्रा दर शनिवारी दारातच विचारायची, "आज किती उतरली?" तापाचा आकडा विचारावा तसं. आकडा ऐकला की तिचा चेहरा खुलायचा. तो खुललेला चेहरा बघायला म्हणून दीपंकर चौदा मजले भराभर चढून यायचा.

तिसऱ्या सत्राला रेषा थांबली.

चौथ्याला तिथेच. पाचव्याला ती चक्क थोडी वर गेली. पडद्यावर आता दोन रेषा होत्या. निळी आपली ऐटीत हिरव्या पट्ट्याकडे निघालेली आणि तिच्यापासून फुटून वर राहिलेली तांबडी. तांबडी दीपंकरची होती.

"तुम्ही सगळं नीट सांगता," नंदिनीताई म्हणाल्या. त्या साठीच्या होत्या आणि बोलताना चष्मा काढून हातात धरायच्या. "अंधार, उकाडा, गुरुजींचा हात. तरीपण दरवेळी एका जागेवर आलात की तुम्ही उडी मारून पुढे जाता. तिथे काही आहे का?"

"नाही मॅडम. काहीच नाही."

"घाई नाही."

"घाई कशी नाही? चार सत्रं उरली."

"कंपनीची चार उरली, भाऊ. तुमची किती उरली ते मला माहीत नाही. कुणाला चार लागतात, कुणाला चाळीस. मध्येच माणूस मागे जातो. तेही बरं होण्यातच धरायचं."

दीपंकर हसला. मनात म्हणाला, हे माझ्या बायकोला सांगा. मग कंपनीला सांगा.

घरी त्याने खोटा आकडा सांगितला. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळली, दुसऱ्यांदा नाही. पण सातव्या सत्रानंतर कंपनीने संघमित्राच्या फोनवर त्याचा अहवाल पाठवला. घरच्यांना सहभागी करून घ्या, असा नवा नियम होता. ती कामावरून आली ती फोन हातात धरूनच.

"हे काय आहे?"

त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

"मी रोज एकेक दिवस मोजून राहिली आणि तुम्ही मला खोटं सांगून राहिले?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "बाकीचे लोक होतात ना बरे? साडेआठ लाख लोक झाले. तुम्हीच काहून नाही? मनावर घेत नाही तुम्ही."

"घेतो आहे."

"मग?"

ती वाईट बाई नव्हती. तीन महिने तिने त्याच्या डब्यात रोज काहीतरी गोड ठेवलं होतं, त्याच्याबरोबर चौदा मजले चढून गुडघे सुजवून घेतले होते. तिला कुणीतरी एक तारीख दिली होती आणि त्या तारखेच्या भरवशावर तिने आपला सगळा धीर एकदाच खर्चायला काढला होता. तारखेनंतरसाठी तिने काही मागे ठेवलं नव्हतं. हे दीपंकरला दिसत होतं. भिंत आणखी हातभर पुढे सरकल्यासारखं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी, ती बाजारात गेलेली असताना, त्याने तिचा औषधांचा डबा उघडला. तिला अर्धशिशीचा त्रास होता. त्यावरच्या गोळ्यांनी छातीची धडधड मंदावते, हे तिनेच एकदा सांगितलं होतं. डब्यात त्या चोवीस होत्या. त्याने बारा खिशात घातल्या.

आठव्या सत्राला तांबडी रेषा पहिल्यांदाच धाडकन खाली आली. नवव्या सत्राला, चौदा मार्चला, ती हिरव्या पट्ट्यात शिरली. पडद्यावर शब्द उमटला, सावरले.

नंदिनीताई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दीपंकरकडे पाहिलं. काही विचारतील असं वाटलं. बाहेर पुढचा माणूस वाट बघत होता. त्यांनी सही केली.

खाली रस्त्यावर संघमित्रा उभी होती. हातात पेढ्यांचा पुडा. तिने त्याला भर रस्त्यात मिठी मारली आणि घराच्या इमारतीशी आल्यावर त्याचा हात घट्ट धरून म्हणाली, "चला, आज सोबत लिफ्टने."

नाही म्हणायला जागाच नव्हती. दार मिटलं. संघमित्रा बोलत होती. पचमढीचं हॉटेल, तिथली थंडी, तिच्या बहिणीलाही न्यावं का. गोळीमुळे दीपंकरची छाती अगदी शांत चालली होती, झोपलेल्या माणसासारखी. आत मात्र कुणीतरी भिंतीवर डोकं आपटत होतं आणि त्याचा आवाज बाहेर येत नव्हता. चौदा मजले. "ऐकून राहिले ना?" तिने विचारलं. "हो," तो म्हणाला. दार उघडलं तेव्हा तिच्याच लक्षात आलं की त्याने तिची बोटं पांढरी पडेपर्यंत आवळली होती. तिला ते प्रेम वाटलं.

सोमवारपासून तो कामावर गेला.

त्याच्या जोडीला तरन्नुम शेख होती. सव्वीस वर्षांची, कामठीची, हात चलाख आणि तोंड त्याहून. ती त्याला दादा म्हणायची. लिफ्टच्या कामात दोघं लागतात. एक डब्याच्या टपावर उभा राहून शाफ्टमधलं काम करतो, दुसरा आत पॅनलपाशी. दीपंकरने सुरुवातीला टपावरचं काम स्वतःकडे घेतलं. डोक्यावर निदान मोकळं दिसायचं. आत जायची वेळ आली की तो काहीतरी निमित्त काढायचा, चावी विसरली, फोन आला, तू हो पुढे. गोळ्या तो मोजून वापरत होता. इमारतीत वर जायला जिने होतेच.

"दादा, एवढे जिने का चढता?" तरन्नुमने एकदा विचारलं.

"डॉक्टरने सांगितलं. वजन."

"तुमचं?" ती त्याच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे बघून हसली.

दोन एप्रिलला गोळ्या संपल्या. सहा एप्रिलला ते मनीषनगरच्या एका इमारतीत गेले. दीपंकरच्या डाव्या खांद्याला मुका मार लागला होता, म्हणून त्या दिवशी टपावर तरन्नुम गेली. डबा नवव्या मजल्यावर, दार उघडं. दीपंकरने आत उभं राहायला हवं होतं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

टपावरून एक किंचाळी आली.

"दादा! हात! हात अडकला!"

रूळ आणि चाकाच्या मध्ये तिची बोटं सापडली होती. उपाय साधा होता. आत पाऊल टाकायचं, पॅनलवर हात ठेवायचा आणि डबा वीतभर खाली घ्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. टपावरही बटणांची पेटी होती, पण ती तिच्या मोकळ्या हाताला पोचत नव्हती.

"दादा, खाली घ्या! लवकर!"

दीपंकरने पाय उचलला. पाय उचललेलाच राहिला. त्याला पॅनल दिसत होतं, बटण दिसत होतं, चार फुटांवर. तिचा आवाज विरत चालल्यासारखा लांब गेला आणि त्या जागी दुसऱ्याच कुणाच्या तरी श्वासाची घरघर ऐकू यायला लागली. तो किती वेळ तसा उभा होता ते त्याला कळलं नाही. मग तो वळला, जिन्याने दहाव्या मजल्यावर धावला, चावीने वरचं दार उघडलं, पालथा पडून टपावरच्या पेटीपर्यंत हात पोचवला आणि बटण दाबलं.

सात मिनिटं गेली होती. तरन्नुमच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती. शुद्ध हरपत असताना तिने विचारलं, "खालचं पॅनल?"

"चाललं नाही," दीपंकर म्हणाला. "दाबत होतो. चाललंच नाही."

कंपनीने त्याचं कौतुक केलं. पॅनल बंद असताना डोकं शांत ठेवून वरच्या मजल्याने सुटका केली म्हणून त्याच्या नावाचं पत्रक निघालं. संघमित्राने ते आपल्या बहिणींना पाठवलं. दीपंकरने ते हातात घेतलं तेव्हा त्याला वाटलं, आता दार बाहेरून वेल्डिंग करून टाकलं.

महिन्याभराने तो तरन्नुमला बघायला कामठीला गेला. एक बोट वाचलं होतं, एक नाही. तिने कानामागची पट्टी त्याला दाखवली.

"मलाही लावली, दादा. माहिती आहे किती दिली? पाच सत्रं."

"पाच?"

"मी पण म्हटलं, तुम्हाला नऊ होती. तर वैरागडे मॅडम म्हणाल्या, लिफ्टवाल्या लोकांच्या नोंदी आधीच कमी, आणि त्यातले अलीकडचे लोक फार लवकर सावरले. शेवटी शेवटी तर रेषा एकदम खाली येते म्हणे. म्हणून अंदाज घटला." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "माझं चौथं झालं. काही फरक नाही. अब्बा म्हणतात, तू नाटक करतेस. कधी कधी मलाही वाटतं की माझ्यातच खोट आहे."

"बोटाचं नाही हो एवढं," ती पुढे म्हणाली. "बोट जातं कामात. पण मला ना, सारखं तेच दिसतं. तुम्ही खाली पॅनल दाबताय, जिवाच्या आकांताने दाबताय, आणि ते चालत नाही. आता मला कुठल्याच बटणाचा भरवसा वाटत नाही. घरातला गॅस लावायची भीती वाटते. मिक्सरची भीती वाटते. तुमच्यासारखा एकवीस वर्षं हेच काम केलेला माणूस दाबतो आणि मशीन ऐकत नाही, तर मग..."

चहा आला. तो त्याने तसाच ठेवला.

"तरन्नुम," तो म्हणाला. "पॅनल चांगलं होतं."

तिने हातातला कप खाली ठेवला.

"मी आत गेलोच नाही. मला जाता आलं नाही. उंबऱ्यावर उभा होतो. मी बरा झालोच नव्हतो. गोळ्या खाऊन पास झालो."

तरन्नुमने आपला बँडेज बांधलेला हात मांडीवर घेतला, दुसऱ्या हाताने झाकला.

"मला खालून तुमचा श्वास ऐकू येत होता," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही मशीनशी झटताय."

"माफी मागायला मला..."

"जा तुम्ही," ती म्हणाली. "आत्ता जा, दादा."

त्या संध्याकाळी त्याने संघमित्राला सांगितलं. सगळं, गोळ्यांपासून. ती गॅससमोर उभी होती. तिने गॅस बंद केला आणि पाठ न वळवता विचारलं, "त्या दिवशी लिफ्टमध्ये पण? पेढे आणले त्या दिवशी?"

"त्या दिवशी पण."

ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कॅलेंडरचं मार्चचं पान तिने फाडून टाकलं आणि म्हणाली, "मी तुम्हाला बघतच नव्हती. तारखेला बघत होती." मग रडली. तो तिच्या शेजारी बसला. मला माफ केलंस का, असं तिला विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

नंदिनीताईंकडे तो सगळ्यात शेवटी गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "नवव्या सत्राला तुमचे ठोके फारच शहाण्यासारखे वागत होते. पट्टी मनात बघत नाही, भाऊ. अंगावरून अंदाज बांधते. हे मला माहीत असून मी सही केली. माझ्याही मागे तारखा लागलेल्या असतात. किती जण वेळेत सावरले त्यावर माझी परीक्षा होते."

"मग ते साडेआठ लाख?"

"त्यातले किती तुमच्यासारखे, कोण जाणे. जो बरा झालो म्हणतो तो बरा धरला जातो. जो कंटाळून येणं सोडतो तो मोजलाच जात नाही. म्हणजे रेषा काढतात कोण? घाईत असलेले. त्यांची रेषा पुढच्याला दाखवायची. पुढचा घाबरून आणखी घाई करतो." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तुमची नोंद मी दुरुस्त करायला पाठवते. पण कंपनीला कळेल."

"कळू द्या."

कंपनीला कळलं. त्याचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला, कौतुकाचं पत्रक मागे घेतलं आणि त्याला पुन्हा गोदामात बसवलं. समुपदेशन बंद झालं, कारण नऊ सत्रं देऊन झाली होती. नंदिनीताई मंगळवारी महापालिकेच्या दवाखान्यात बसायच्या. तिथे पट्टी नव्हती, पडदाही नव्हता. दोन खुर्च्या आणि एक खिडकी. दीपंकर तिथे जायला लागला.

पहिले काही मंगळवार फुकट गेले असंच त्याला वाटलं. एका मंगळवारी दोघं जवळजवळ काहीच बोलले नाहीत. एकदा तो चिडून मध्येच उठून गेला. रेषा नव्हती, त्यामुळे आपण चढलो की उतरलो हेही कळायला मार्ग नव्हता. त्याचा जीव घुसमटायचा. निदान आधी आकडे तरी होते. पावसाळा लागला, संपत आला. संघमित्राने शनिवारी आकडा विचारणं सोडलं होतं, मंगळवारी ती फक्त विचारायची, "चहा टाकू?"

सोळाव्या सत्राला नंदिनीताईंनी काहीच विचारलं नव्हतं. दीपंकर खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत होता आणि एकाएकी बोलायला लागला.

"गुरुजींकडे पंप होता. दम्याचा. त्यात थोडंच औषध उरलं होतं. आकडा दिसतो त्यावर. अकरा होता." त्याने ओठ ओले केले. "त्यांनी मला विचारलं, गजभिये, किती वेळ लागेल? तसं मी पुरवून वापरतो. मी म्हटलं, गुरुजी, घ्या बिनधास्त, पाच मिनिटांत येतात लोक. मला माहीत होतं, ताई. एकवीस वर्षं काम केलंय. त्या पट्ट्यात दारं नाहीत, भिंत फोडावी लागणार, चार तास कुठे गेले नाहीत, मला सगळं माहीत होतं. पण त्यांचा चेहरा बघवेना. म्हणून पाच मिनिटं म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा पाच मिनिटं. पहिल्या तासातच त्यांनी पंप संपवला. शेवटी शेवटी ते विचारायचेही थांबले. माझ्याकडे नुसते बघत होते. त्यांना कळलं होतं."

तो पहिल्यांदाच मोठ्याने रडला. खुर्चीत पुढे वाकून, पोट धरून. नंदिनीताईंनी त्याला थांबवलं नाही, तुमचा दोष नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला त्याच्याजवळ सरकवला आणि बसून राहिल्या. बाहेर कंपाउंडरने दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुकारलं. तरी त्या उठल्या नाहीत.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "आता हे सांगितलं म्हणजे... संपलं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आता सुरू करता येईल."

तो लिफ्टने घरी गेला असं झालं नाही. तो जिन्यानेच गेला. फक्त आठव्या मजल्यावर पायरीवर बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे. साधी, पोटातली भूक. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी गोदामात तरन्नुमचा फोन आला. मे महिन्यातल्या त्या भेटीनंतर त्यांचं बोलणं नव्हतं.

"दादा, तुमच्यामुळे माझी पाचाची अकरा सत्रं झाली," तिने सुरुवातच अशी केली. "वैरागडे मॅडमनी आपल्या जुन्या सगळ्या लोकांना फोन करून विचारलं म्हणे. एकेचाळीसपैकी चौदा जणांनी कबूल केलं, आम्ही सावरलो नव्हतो. मग अंदाज वाढला. कंपनीचे साहेब चिडलेत."

"मला माहीत नव्हतं."

"मला बरं वाटलं," ती म्हणाली. "पाचात नाही झालं तेव्हा वाटलं होतं मीच खोटी. आता निदान... काल मिक्सर लावला. चटणी केली. घाबरतच, पण केली."

"छान केलंस."

"तुम्हाला माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"फोन कशाला केला तेही मला माहीत नाही. राग अजून आहेच. कधी जाईल सांगता येत नाही." फोनच्या पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "वेळ लागेल, दादा."

दीपंकरने समोरच्या फळीवरचे नटबोल्टचे खोके बाजूला सारले आणि खाली बसला.

"लागू दे," तो म्हणाला. "मी आहे."